कारणाचा रकाना

आमच्या शाळेत विज्ञानाच्या एक बाई आहेत. त्यांचं नाव हजेरीपटापुरतं. पोरं त्यांना 'साडेबाई' म्हणतात आणि हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो, कारण बाईंच्या हातून पूर्ण मार्क म्हणून सुटत नाही. साडेसात, साडेअकरा, साडेचौदा. एकदा त्यांनी एका पोराला वीसपैकी चक्क अठरा दिले, तर ते पोर पेपर घेऊन परत आलं आणि म्हणालं, "बाई, अर्धा लिहायचा राहिला."

बाई बुटक्या, पण आवाज प्रयोगशाळेतून थेट मैदानापर्यंत जातो. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शाळाभर शोधतात. पर्समध्ये तीन लाल पेनं, कारण एकावर विश्वास नाही. कुठलीही गोष्ट दोनदा मोजायची खोड. जिना चढताना पायऱ्या मोजतात आणि वर आल्यावर "चोवीस" असं स्वतःशीच म्हणतात, जणू एखादी पायरी कुणी पळवून नेणार आहे.

मी भाषा शिकवतो. माझंही टोपणनाव आहे, 'कात्री'. पोरांनी ठेवलंय आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? पंचवीस वर्षांत माझ्या हातून कुणाला फुकटचा मार्क गेलेला नाही. शुद्धलेखनाला कात्री, गिचमिड अक्षराला कात्री, 'आणि आम्ही आनंदाने घरी परतलो' असं लिहिणाऱ्याला तर दोनदा कात्री. माझी स्वतःची मुलगी नववीत, माझ्याच वर्गात. जग म्हणतं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्याकडे उलटं. तिला वीसपैकी तेरा. दर निबंधाला तेरा, ना बारा ना चौदा. हे मी स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगत असे.

तर बाईंची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी त्या मधल्या सुट्टीनंतर स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी खोटी आहे."

आम्हाला वाटलं घरी काही झालं. पीटीच्या सरांनी खुर्ची दिली, इतिहासाच्या बाईंनी पाणी दिलं. मग कळलं ते असं. बाई मार्क पेपरवर न लिहिता आधी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायच्या, आणि मग दोनदा बेरीज करून पेपरवर चढवायच्या. मागच्या चाचणीच्या चिठ्ठ्या हरवल्या, म्हणून त्यांनी अख्खा गठ्ठा पुन्हा तपासला. आणि आज कपाट सरकवल्यावर त्या जुन्या चिठ्ठ्या मागे सापडल्या. ताडून पाहिलं तर चाळीसपैकी एकोणीस पोरांचे मार्क जुळेनात. एकाला तर डबा खाण्याआधी अकरा होते आणि डबा खाल्ल्यावर साडेपंधरा.

"मग जेवूनच तपासत जा की," पीटीचे सर म्हणाले. "शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल."

आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्याने. बाई हसल्या नाहीत.

"हसा. पण त्या एकोणीस पोरांना यातलं काही कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला अकरा मिळाले असते तो गप घरी गेला असता. आपल्याला येत नाही असंच समजला असता. माझ्या पोटात भूक होती हे त्याला कोण सांगणार होतं?"

"बाई, तुमचं होत असेल तसं," मी म्हणालो. "माझी नजर म्हणजे तराजू आहे."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई आता आपल्या मागे लागणार.

मागे लागल्याच. पुढच्या महिन्यात त्यांनी मुख्याध्यापकांना पटवून फर्मान काढायला लावलं: प्रत्येक पेपर दोन शिक्षकांनी तपासायचा. दोन आठवड्यांत आमच्या नाकी नऊ आले. वह्यांचे ढीग टेबलावर, खिडकीत, खुर्चीवर. बसायला गेलं की खाली कुणाचा तरी भूगोल. इतिहासाच्या बाई रडकुंडीला आल्या, पीटीचे सर दोन दिवस रजेवर गेले आणि मी, सांगायला लाज वाटत नाही, पहिल्या शिक्षकाचे मार्क बघून एक इकडे एक तिकडे करून टाकू लागलो. तिसऱ्या आठवड्यात बाईंनीच फर्मान मागे घेतलं.

"चुकलं माझं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "जे काम माणसाला झेपत नाही ते माणूस खोटं करतो. कात्री सरांनी केलं तसं."

शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्याच. मग निघाला शनिवारचा तास. शाळा सुटल्यावर पाऊण तास, चहासकट. उत्तरं फक्त सहा. तिघांनी वेगवेगळी तपासायची, मग मार्क उघडे करायचे आणि दोनपेक्षा जास्त फरक आला तर बसून भांडायचं. भांडून एक मार्क ठरवायचा आणि आपण का चुकलो ते वहीत लिहायचं. "सहाच," बाई बजावायच्या. "कुणी सातवं उत्तर काढलं तर मी उठून जाईन. आज हौसेने दहा तपासाल आणि पुढच्या महिन्यात एकही नाही."

अक्षरावरून पोर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरं टाइप करायची, आणि ते काम बाईंनी घरात बसलेल्या नवऱ्याला लावलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली. चूक दिसली की त्यांचा हात आपोआप सरसावतो, आणि इथे त्यांना काम काय, तर पोरांच्या चुका जशाच्या तशा टाइप करायच्या! 'पाणि', 'स्फुर्ती', 'आर्शिवाद'. बाई मागे उभ्या राहून नजर ठेवायच्या. पहिल्या शनिवारी काका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर जे पाप धुतलं ते आता स्वतःच्या हाताने करतोय."

वहीला रकाने होते: पहिला मार्क, दुसरा, तिसरा, फरक, ठरलेला मार्क आणि शेवटी कारण. खरी मजा त्या शेवटच्या रकान्यात. पीटीच्या सरांचं: 'मॅच चालू होती.' इतिहासाच्या बाईंचं: 'उत्तर लांब होतं म्हणून बरोबर वाटलं.' मुख्याध्यापक एकदा हौसेने बसले, त्यांचं: 'प्रश्न वाचला नव्हता.' आणि सांगायला दुःख होतं, पण वर्षभरात सर्वांत कमी चुकणारा माणूस निघाला पीटीचा. म्हणाला, "मला विषयातलं काही कळत नाही ना, म्हणून ठरवलेले मुद्दे आहेत का तेवढंच बघतो."

माझ्या रकान्यात काहीच नव्हतं. मी फरक कबूलच करत नसे. बाकीचे दोघे चुकले, असं माझं म्हणणं. मग एका शनिवारी एक उत्तर आलं, कवितेच्या रसग्रहणाचं. मी वाचलं, नाक मुरडलं आणि वीसपैकी नऊ दिले. खाली शेरा मारला: 'पाठ करून लिहिलेलं. विचार स्वतःचे असावेत.' मार्क उघडले. बाकीच्यांचे चौदा आणि साडेचौदा.

"पोर कोण आहे?" मी विचारलं. "त्याच्या वडिलांनाच बोलावतो."

"वडील वारले," साडेबाई म्हणाल्या. "तुमचेच. उत्तर तुम्ही लिहिलेलं आहे. मागच्या वर्षी फळ्यावर 'आदर्श उत्तर' म्हणून लावलं होतंत ते."

पीटीचे सर खुर्चीवरून खाली बसले, म्हणजे अक्षरशः जमिनीवर. काकांनी तोंडावर रुमाल धरला. माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. वही माझ्यापुढे सरकली आणि मी दात ओठ खाऊन कारण लिहिलं: 'लेखक ओळखीचा नव्हता.' त्या दिवसापासून मी शनिवारी गपगुमान बसू लागलो. घरी वह्या तपासताना मात्र मीच राजा होतो.

या वर्षी शिक्षण खात्याचं पत्र आलं. शिक्षकांनी दिलेल्या मार्कांवर भरवसा राहिला नाही, म्हणून शाळाशाळांची तपासणी होणार. गेल्या पंधरा दिवसांत तपासलेल्या वह्यांमधून सहा उत्तरं निवडायची, ती पुन्हा तपासून घ्यायची आणि वहीतल्या मार्काशी ताडायची. तीन किंवा त्याहून जास्त फरक आला आणि शाळेला त्याचं नीट कारण देता आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून शाळेचे मार्क बंद. निबंध नाही, प्रयोग नाही, तोंडी नाही. पोरांनी गोल काळे करायचे आणि यंत्राने ते मोजायचे. भाषेत गोल! बाईंची तीन वर्षांची मेहनत त्या सहा उत्तरांवर येऊन ठेपली.

आणि बाईंनी काय करावं? तपासणीच्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

मी भडकलो. "बाई, अहो डोळा आठवडाभर थांबला असता!"

"थांबला असता. पण मी असले की तुम्ही माझ्याकडे बघून मार्क देता," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय जमलं तरच ते तुम्हाला जमलं. नाहीतर मग काळे करा गोल."

त्याच आठवड्यात घरी आणखी एक कागद आला. दहावीला कुठला विषय वरच्या पातळीवर घ्यायचा, त्याचा फॉर्म. माझ्या मुलीने भाषा सोडून हिशेबाचा विषय लिहिला होता. मी सही केली. "शहाणी आहे पोर, आपली कुवत ओळखते," असं बायकोला म्हणालो. तिने हातातलं ताट ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

तपासणीच्या मॅडम आल्या. शांत बाई, साधी पिशवी, चहा नको म्हणाल्या. त्यांनी नववीच्या हजेरीपटावर डोळे मिटून पेन सहा ठिकाणी टेकवलं, त्या सहा वह्या स्वतः उचलल्या आणि काकांच्या शेजारी बसून टाइप करून घेतल्या. विषय होता 'आमच्या घरातला एक आवाज'. तपासायला आम्ही तिघे: पीटीचे सर, इतिहासाच्या बाई आणि मी. आता तुम्ही म्हणाल, या वह्या मीच तपासलेल्या, मग मला आठवणार नाहीत का? अठ्ठेचाळीस निबंध एका दमात तपासून बघा आणि मग मला विचारा.

पाच झाले. कुठे पंखा, कुठे कुकर, कुठे आजोबांचं घोरणं. सहावा हातात घेतला.

'आमच्या घरी रविवारी दुपारी पेनचा आवाज येतो,' अशी सुरुवात होती. 'बरोबर असेल तर एक झटका, टिच्. चूक असेल तर दोन. पानं भराभर उलटली की समजायचं, निबंध कंटाळवाणा आहे. मधेच आवाज थांबला की समजायचं, कुणीतरी चांगलं लिहिलंय. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकते.'

हे कुणाचं हे मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. इतिहासाच्या बाईंची मुलगी! तीही नववीतच. मी मनातल्या मनात हसलो. घ्या, म्हटलं, तुमच्या लेकीने तुमची चांगली परीक्षा घेतली. काय निरीक्षण, काय छोटी छोटी वाक्यं! सतरा नक्की, असं ठरवून मी शेवटच्या परिच्छेदावर आलो.

'पण एका वहीला पानांचा आवाजच येत नाही. उघडल्याचा नाही, उलटल्याचा नाही. फक्त एक टिच् होतं आणि वही खाली ठेवल्याचा आवाज येतो. ती वही माझी असते.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं.

आता ऐका. तुमच्यापासून काय लपवायचं? मी माझ्या मुलीचा निबंध कधी वाचतच नव्हतो. पाचवीपासून नाही. वाचला तर माया येईल, हात सैल पडेल, लोक बोलतील, म्हणून आपला तेरा टाकून मोकळा व्हायचो. नाकासमोर चालणारा, प्रामाणिक माणूस मी! कात्री! चार वर्षं माझ्या पोरीने भिंतीपलीकडे बसून ते ऐकलं होतं.

मी सतराच लिहिले. दुसरं काही लिहायला हात वळेना.

मॅडमनी मार्क मांडले. पाच उत्तरांत वहीतल्या मार्काशी एक-दीडचा फरक. सहाव्याला पीटीच्या सरांचे सोळा, इतिहासाच्या बाईंचे साडेसोळा, माझे सतरा. आणि वहीत तेरा.

"हा फरक कशाने आला?" मॅडमनी विचारलं.

मुख्याध्यापक हुशार माणूस. लगेच पुढे सरसावले. "त्याचं काय आहे मॅडम, टाइप करणारे आमचे काका जुने प्रूफवाले. सवयीने चार चुका सुधारल्या असतील. उत्तर आपोआप सुधारलं. हो की नाही हो, सर?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची. काका दाराशी उभे होते. तीन वर्षं त्या माणसाने 'आर्शिवाद' जसाच्या तसा टाइप केला होता, काळजावर दगड ठेवून. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं असतं तर माझी अब्रू वाचली असती आणि शनिवारचा तास त्या क्षणी मेला असता. तिकडे दवाखान्यात बाई डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या.

"काकांची चूक नाही," मी म्हणालो. "ही माझ्या मुलीची वही आहे. मी ती न वाचताच मार्क दिले. नेहमीच देतो."

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. मॅडमनी विचारलं, "असं झालं तर तुमच्याकडे काय करतात?"

पीटीच्या सरांनी शनिवारची वही माझ्यापुढे ठेवली. मी मार्क मांडले, फरक मांडला, ठरलेला मार्क साडेसोळा. कारणाच्या रकान्यात बरंच काही लिहिता आलं असतं, भाषेचा शिक्षक आहे मी. पण एकच शब्द सुचला. मी लिहिलं, 'बाप.'

मॅडमनी वही घेतली आणि तो रकाना पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मॅच चालू होती. प्रश्न वाचला नव्हता. लेखक ओळखीचा नव्हता. मधेच त्यांना हसू फुटलं, शेवटच्या ओळीवर आल्या आणि हसू थांबलं. "सहाच्या सहा जुळले असते तर मी जास्त घाबरले असते," त्या म्हणाल्या. "कारण दिलंत, ते मला पुरेसं आहे. तुमचे मार्क तुमच्याकडेच राहू द्या. ही शनिवारची चहापार्टी मात्र बंद करू नका."

संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. एका डोळ्यावर पट्टी, तरी मला बघताच म्हणाल्या, "किती फरक आला?" मी सगळं सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साडेसोळा कुणी ठरवले? साडे?" आणि इतक्या हसल्या की काका ओरडले, "अगं डोळा, डोळा!"

घरी आलो. पोर टेबलाशी बसली होती. मी समोर बसलो. पहिलं वाक्य जुळवत बसलो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना निबंध लिहायला शिकवतोय आणि माझी ही अवस्था.

"तुझा तो आवाजाचा निबंध वाचला," मी म्हणालो.

मार्क किती, हे तिने विचारलंच नाही. "सगळा?"

"शेवटपर्यंत. माझं चुकलं गं. फार चुकलं."

तिने वहीचं टोक दुमडलं, पुन्हा सरळ केलं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "मला काही येतच नाही. म्हणून तुम्ही वाचत नाही."

मला रडू आलं. आलं तर आलं. बायको हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच ताट आवाज न करता ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या क्लार्कने मला हाक मारली. वैतागलेला होता. विषयाचा फॉर्म बदलायला मुलगी स्वतः येऊन गेली होती. हिशेबाचा विषय खोडून तिने भाषा लिहिली होती. शनिवारची वही तिने पाहिलेली नाही, आणि त्यात मी काय लिहिलं ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"हे बघा सर," क्लार्क म्हणाला. "'बदलाचे कारण' असं स्पष्ट छापलंय. तिथे हिने काय लिहिलंय! हे काय कारण झालं?"

मी बघितलं. तिथे तिच्या अक्षरात एकच शब्द होता. 'बाबा.'

"घ्या तसंच," मी म्हणालो. "शुद्धलेखन बरोबर आहे."